स्मोक बॉल, बीचमच्या गोळ्या आणि क्लोरोडाइन: व्हिक्टोरियन काळातल्या पेटंट औषधांत होतं तरी काय?

प्रश्न कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे. एलएल.बी.ला 'कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी' हा खटला शिकवतात. त्यातून करारातला प्रस्ताव आणि स्वीकृती समजते, पण तो स्मोक बॉल म्हणजे नेमकं काय होतं, त्या काळातल्या असल्या औषधांत खरंच काही असायचं का, आणि शिकलीसवरलेली माणसं एवढ्या अचाट दाव्यांवर विश्वास कसा ठेवत, हे वर्गात कुणी सांगत नाही.

माझं आयुष्य औषधांच्या पृथक्करणात गेलं, आधी प्रयोगशाळेत आणि मग फार्मसीच्या मुलांना शिकवताना. त्यामुळे मी बाटलीपासून सुरुवात करतो. ही औषधं म्हणजे नुसतं रंगीत पाणी होतं, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. बहुतेकांत काही ना काही असायचं. ते पोटाला, नाकाला, डोक्याला जाणवायचं. परिणाम खरा असायचा, आणि त्या खऱ्या परिणामावर रचलेला दावा खोटा असायचा. ही जोडणी लक्षात घेतली नाही तर त्या काळातले कोट्यवधी गिऱ्हाईक आपल्याला मूर्ख वाटायला लागतात. ते मूर्ख नव्हते.

आधी स्मोक बॉल. रबराचा पोकळ चेंडू, त्याला एक नळी, नळीच्या तोंडाशी जाळीदार कापड आणि आत कार्बोलिक आम्लाची, म्हणजे फिनॉलची भुकटी. नळी नाकपुडीशी धरून चेंडू दाबला की भुकटी धुरासारखी उडायची आणि श्वासाबरोबर आत जायची. शिंका यायच्या, डोळे भरायचे, नाक वाहायला लागायचं. किंमत १० शिलिंग, आणि रिकामा झालेला चेंडू ५ शिलिंगांत पुन्हा भरून मिळायचा.

१८८९ च्या अखेरीला युरोपभर इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली आणि पुढची दोन-तीन वर्षं तिच्या लाटा येत राहिल्या. जानेवारी १८९२ मध्ये खुद्द राणीचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर याच तापाने गेला. घराघरांत धास्ती होती. नोव्हेंबर १८९१ मध्ये 'पॉल मॉल गॅझेट' या वृत्तपत्रात कंपनीची जाहिरात आली: हा चेंडू छापील सूचनांप्रमाणे रोज तीन वेळा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ, आणि आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून अलायन्स बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. लुइसा कार्लिल यांनी चेंडू घेतला, २० नोव्हेंबरपासून १७ जानेवारीपर्यंत नेमाने वापरला आणि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. कंपनीने पैसे दिले नाहीत, म्हणून त्या कोर्टात गेल्या. ७ डिसेंबर १८९२ ला अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने कायम केला.

कार्बोलिक आम्लच का, हा प्रश्न औषधशास्त्राच्या माणसाला पडायलाच हवा. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरून जखमा सडण्याचं प्रमाण कमी करता येतं हे दाखवून दिलं होतं. पुढच्या वीस वर्षांत कार्बोलिकचा वास म्हणजे स्वच्छता, शास्त्र, आधुनिक इस्पितळ असं समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलं. कंपनीने तो वास उचलला. जखमेवरचे जंतू मारणारं द्रव्य नाकात फुंकलं की साथीचा ताप अडेल, ही उडी ऐकायला सरळ वाटते. पण इन्फ्लुएंझा विषाणूने होतो, आणि माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला १९३३ मध्ये. १८९२ ला नाकात फिनॉल ओढणाऱ्याच्या नाकाच्या अस्तराचा दाह होत होता, इतकंच. मात्र नाक झणझणलं की औषध 'लागू पडतंय' असं वाटतं, आणि या वाटण्यावरच सगळा व्यापार उभा होता.

खटल्याबद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. स्मोक बॉलने इन्फ्लुएंझा टळतो की नाही, यावर निकाल दिला गेलाच नाही. कंपनीने १०० पौंडांचं वचन दिलं होतं आणि बँकेत पैसे ठेवल्याचं सांगून ते गांभीर्याने दिल्याचं दाखवलं होतं, म्हणून ती अडकली. नुसतंच 'इन्फ्लुएंझा हमखास टळतो' असं छापलं असतं, तर कार्लिलबाईंना कोर्टाची पायरी चढायला कारणच मिळालं नसतं. निकालानंतर कंपनीने बक्षीस वाढवून २०० पौंडांची नवी जाहिरात काढली, या वेळी सोबत जास्त अटी घालून. लुइसा कार्लिल १९४२ मध्ये, ९६ व्या वर्षी वारल्या. मृत्यूच्या कारणांत वार्धक्याबरोबर इन्फ्लुएंझाचीही नोंद आहे.

आता गोळ्या, कारण पेटंट औषधांचा खरा पसारा गोळ्यांचा होता. नावात पेटंट असलं तरी बहुतेकांकडे पेटंट नव्हतं. पेटंट घ्यायचं तर घटक जाहीर करावे लागतात, आणि घटक गुप्त राहण्यातच कमाई होती. नाव आणि वेष्टन कायद्याने राखायचं, आत काय आहे ते झाकून ठेवायचं, अशी ही पद्धत.

थॉमस बीचम मूळचा ऑक्सफर्डशायरमधला मेंढपाळ पोरगा. बाजारात गोळ्या विकता विकता तो लँकेशायरमध्ये आला आणि १८५९ पासून सेंट हेलेन्समध्ये स्थिरावला. 'एका डबीचं मोल एक गिनी' हे त्याचं घोषवाक्य. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि एका शिलिंगाचे १२ पेनी. डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला. जाहिरातीत दुखण्यांची यादी असायची: पित्त, पोटात वारा धरणं, डोकेदुखी, चक्कर, जेवणानंतर पोट फुगणं, अंगात कणकण, भूक न लागणं, धाप, मलावरोध, कातडीवरचे डाग, झोपमोड, भयानक स्वप्नं, हातपाय कापणं. आणि वर आश्वासन असं की पहिल्या मात्रेनेच वीस मिनिटांत आराम पडेल.

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने, अशा औषधांचं पृथक्करण करून निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. बीचमच्या गोळीत निघालं काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण. काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या पानातून पाझरणारा पिवळा कडू रस आटवून केलेला खडा. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात तो आजही मिळतो. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत निघाली सुमारे अर्धा फार्दिंग. एका पेनीचे चार फार्दिंग, त्यातला अर्धा. म्हणजे विक्रीची किंमत मालाच्या किमतीच्या शंभर पटींहून जास्त.

ही गोळी मी विद्यार्थ्यांकडून करून घेत असे, कारण ती हाताने केल्याशिवाय कळत नाही. काळा बोळ खलात घातला की आधी ठिकऱ्या उडतात, मग तपकिरी पूड होते आणि तिचा कडवटपणा हवेतून घशात उतरतो. त्यात तेवढीच किंवा किंचित जास्त सुंठपूड, त्यांच्या मानाने थोडा वाळलेल्या साबणाचा चुरा, आणि थेंबा-थेंबाने पाणी. घोटत राहिलं की गोळा बत्त्याला चिकटायचा थांबतो, ती वेळ साधायची. मग पाटावर वळकटी करायची, सारख्या अंतरावर कापायची आणि प्रत्येक तुकडा बोटाखाली गोल फिरवायचा. गोळी भरते जेमतेम ऐंशी मिलिग्रॅम, त्यात काळा बोळ तीस-पस्तीस मिलिग्रॅम. साबण सगळं एकत्र बांधतो आणि पोटात गेल्यावर गोळी लवकर सुटी करतो. कारागीर म्हणून पाहिलं तर गोळी उत्तम आहे.

काम काय करते? काळ्या बोळातली अँथ्राक्विनोन द्रव्यं मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जंतू त्यांचं रूपांतर करतात आणि मग आतडं ढवळून निघतं. याला आठ ते बारा तास लागतात. रात्री गोळी घ्या, सकाळी पोट साफ. मग वीस मिनिटांत आराम कशाचा? थोडा सुंठेचा आणि बराचसा त्या छापील वाक्याचा. पण सकाळचा परिणाम मात्र शंभर टक्के खरा होता. गिरण्यांच्या गावांत पांढरा पाव, चहा आणि बटाट्यावर जगणाऱ्या, भाजीपाला क्वचितच मिळणाऱ्या माणसाला मलावरोध असायचाच. त्यामुळे येणारं डोकं जड होणं, भूक मरणं, झोप नीट न लागणं हे पोट साफ झाल्यावर खरोखरच कमी व्हायचं. यादीतली चार दुखणी बरी झाली की माणूस उरलेल्या नऊंवर विश्वास ठेवतो. दावा असा ताणला जायचा.

थॉमस होलोवेचीही गोष्ट हीच. त्याने १८३७ मध्ये लंडनमध्ये मलम विकायला सुरुवात केली आणि मग गोळ्या आणल्या. त्याही काळ्या बोळाच्या. फरक जाहिरातीत होता. १८४२ मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता. १८८३ मध्ये वारला तेव्हा हा आकडा ५०,००० च्या घरात होता. भारतातल्या भाषांसह अनेक भाषांत त्याची माहितीपत्रकं छापली जात. त्या पैशातून त्याने व्हर्जिनिया वॉटर इथे मनोरुग्णांसाठी सॅनेटोरियम आणि एगममध्ये मुलींसाठी कॉलेज उभारलं. कॉलेजचं उद्घाटन १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने केलं आणि ते आज लंडन विद्यापीठाचा भाग आहे. त्याची शिक्षणाला देणगी मोठी होती हे मान्य करूनही मी म्हणेन की ते पैसे आजारी माणसांना अर्धसत्य सांगून मिळवलेले होते.

गोळ्या जेव्हा सौम्य नसत तेव्हा माणसं मरत. व्हिक्टोरिया गादीवर यायच्या आधी, १८२५ पासून, जेम्स मॉरिसनने 'व्हेजिटेबल युनिव्हर्सल' गोळ्या विकायला काढल्या होत्या. सगळे रोग अशुद्ध रक्तातून होतात आणि सगळ्यांवर उपाय एकच, रेच, हा त्याचा सिद्धांत. लंडनमध्ये त्याने 'ब्रिटिश कॉलेज ऑफ हेल्थ' अशा भारदस्त नावाची इमारतच उघडली. गोळीत काळ्या बोळाबरोबर इंद्रायणाचा गर आणि गँबोज नावाचा जहाल रेचक डिंक होता. त्रास वाढला तर तो शुद्धीचं लक्षण समजून आणखी गोळ्या घ्यायच्या, अशी सूचना असे. १८३६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याच्या एका विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून दंड ठोठावला गेला. तरी विक्री पुढे कित्येक दशकं चालूच राहिली. 'वनस्पतींपासून केलेलं, म्हणून निरुपद्रवी' हा युक्तिवाद तेव्हा जोरात चालायचा आणि आजही आपल्याकडे रोज कानावर पडतो. अफू वनस्पतीच आहे. धोतराही.

बायकांसाठीच्या गोळ्यांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण जाहिरातींची भाषा तिथे वेगळंच काही सांगत होती. 'पाळीतला अडथळा दूर करतात' हे वाक्य वाचणारीला अर्थ बरोबर कळायचा: नको असलेला गर्भ. जहाल रेचकांनी कधी तो पडायचा, कधी फक्त बाईचे हाल व्हायचे. गर्भपात गुन्हा असल्यामुळे गोळी निरुपयोगी ठरली तरी तक्रार करायची सोय नव्हती. १८९८ मध्ये क्राइम्स नावाच्या तीन भावांनी अशाच गोळ्या मागवणाऱ्या हजारो बायकांच्या पत्त्यांवर धमकीची पत्रं पाठवली: पैसे द्या, नाहीतर तुमच्यावर खटला होईल. घाबरून असंख्य बायकांनी पैसे भरले. भाऊ पकडले गेले आणि लांब मुदतीच्या शिक्षा भोगायला तुरुंगात गेले. त्या प्रकरणातून एवढं उघड झालं की या गोळ्या मागवणाऱ्या किती होत्या आणि किती एकट्या होत्या.

क्लोरोडाइन हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला ओळखीचं आहे. जुलाब लागले की क्लोरोडाइनचे थेंब पाण्यात देणारी घरं इथेही होती. डॉ. जॉन कॉलिस ब्राऊन हे भारतातल्या ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर. १८४८ च्या सुमारास त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, म्हणून हे औषध बनवलं आणि १८५६ पासून लंडनचे औषधविक्रेते डेव्हनपोर्ट यांच्यामार्फत ते बाजारात आलं. त्यात मॉर्फिन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. म्हणजे आतड्याची हालचाल थांबवणारं एक, गुंगी आणणारं दुसरं आणि मन सैल करणारं तिसरं. खोकला थांबायचा, मुरडा थांबायचा, जुलाब थांबायचे, झोप लागायची. लक्षणांवरचं औषध म्हणून ते चोख होतं.

पण जाहिरातीत दावा पटकी बरी होण्याचा होता. पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतडं मॉर्फिनने आखडून धरलं की बाहेर पडणारं पाणी कमी दिसतं, पण रक्तातली तूट तशीच राहते. खरा उपाय तोवर सापडलेला होता. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात डॉ. थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्येच पटकीच्या मरणासन्न रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं होतं आणि त्यातले काही उठून बसले होते. त्यांनी ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलंही. मिठाच्या पाण्याची बाटली विकून कुणी श्रीमंत होणार नव्हता, आणि वैद्यकीय व्यवसायानेही ती पद्धत पुढे नेली नाही. याची मला आजही चीड येते.

फ्रीमन नावाच्या स्पर्धकाने क्लोरोडाइन याच नावाने औषध काढलं तेव्हा १८६४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राऊन हेच मूळ संशोधक असल्याचं मत नोंदवलं. झालं, पुढे अनेक वर्षं जाहिरातीत न्यायाधीशांचं नाव ठळक छापलं जात होतं. कोर्टाने औषध कुणाचं ते सांगितलं होतं. वाचणाऱ्याला वाटायचं, कोर्टाने औषध चांगलं असल्याचं सांगितलं.

सगळ्यात वाईट प्रकरण तान्ह्या मुलांचं. गॉडफ्रीज कॉर्डियल म्हणजे काकवीच्या पाकात अफू आणि वासाला ससाफ्रास नावाचं सुगंधी झाड. अमेरिकेतलं मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप १८४९ पासूनचं, त्यात एका औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन. गिरणीत जाणारी आई पोराला सांभाळणाऱ्या म्हातारीकडे सोडून जायची आणि म्हातारीकडे अशी दहा पोरं असायची. चमचाभर पाजलं की सगळी गप्प.

या बाटल्यांत दोन धोके होते. पहिला, मात्रा ठरलेली नव्हती. गॉडफ्रीज हे कुणा एकाचं औषध राहिलेलं नव्हतं. प्रत्येक दुकानदार आपापल्या अंदाजाने करायचा, त्यामुळे एका दुकानातला चमचा आणि दुसऱ्यातला चमचा यांत अफूचं प्रमाण कितीतरी वेगळं असायचं. त्यातही अफू पाकात नीट विरघळत नाही, ती तळाशी बसते. बाटली हलवली नाही तर वरचे चमचे सौम्य आणि शेवटचे जहाल. आई तोच चमचा, तेवढंच माप देत असायची आणि बाळ शेवटच्या चमच्याला दगावायचं. दुसरा धोका हळू चालणारा. अफू दिलेलं मूल रडत नाही, दूध मागत नाही. उपाशी राहून सुकत जातं. मृत्यूच्या नोंदीत 'अशक्तपणा', 'आकडी', 'क्षीणता' असं लिहिलं जायचं, अफूचं नाव कुठेच यायचं नाही. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात बालमृत्यू एवढे का, हे पाहायला १८६४ मध्ये डॉ. हेन्री ज्युलियन हंटर यांना सरकारने पाठवलं. म्हाताऱ्यांसारखी सुरकुतलेली तान्ही मुलं त्यांनी आपल्या अहवालात नोंदवली आहेत.

हे वाचून इंग्रज आयांना नावं ठेवण्याआधी मुंबई आठवावी. परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या बायका तान्ह्या पोरांना अफू घातलेली बाळगोळी देऊन जायच्या, हे १९२० च्या दशकातल्या पाहण्यांत नोंदलं गेलं आहे. दिवसभराची पाळी, पाळणाघर नाही, पोर रडलं तर शेजारणी बोलणार. सिरपवाल्याने ही अडचण बरोबर हेरली होती आणि बाटलीवर हसऱ्या आईचं चित्र छापलं होतं.

एवढ्या सगळ्यावर विश्वास का बसला, याची कारणं मला तीन दिसतात आणि त्यांतलं एकही अडाणीपणा नाही. डॉक्टरची भेट मजुराच्या आठवड्याच्या कमाईला भारी पडायची, गोळ्यांची डबी एका शिलिंगात मिळायची. शिवाय डॉक्टर तरी काय देत होते? शतकाच्या पूर्वार्धात रक्त काढणं आणि पाऱ्याचं कॅलोमेल हेच मुख्य उपचार होते. कॅलोमेलने दात पडलेला आणि हिरड्या सडलेला माणूस गोळीवाल्याकडे वळला तर त्याचं काय चुकलं? आणि तिसरं असं की बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात. सर्दी आठवड्यात जाते, कंबर महिन्यात सुटते, साथीच्या तापातून बहुसंख्य उठतात. जो उठतो तो शेवटी घेतलेल्या औषधाला श्रेय देतो आणि आभाराचं पत्र लिहितो. जो मरतो त्याचं पत्र येत नाही. म्हणून जाहिरातीत छापलेली पत्रं पुष्कळदा खरीच असायची, आणि तरीही त्यांतून काही सिद्ध होत नव्हतं. विद्यार्थ्यांना नियंत्रित चाचणीचं, म्हणजे औषध घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची तुलना करण्याचं, महत्त्व पटवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

डॉ. विल्यम्स यांच्या गुलाबी गोळ्या या बाबतीत उद्बोधक आहेत. कॅनडातून १८९० नंतर जगभर गेलेल्या या गोळ्यांत लोहाचा क्षार होता. पांढऱ्याफटक पडलेल्या, दमणाऱ्या तरुण मुलींना लोह देणं हाच योग्य उपाय होता आणि अनेकींना गुण आला असणार. पण जाहिरात तिथे थांबली नाही. त्याच गोळीने अर्धांगवायू बरा होतो, मज्जारज्जूचे विकार बरे होतात, असं छापून येऊ लागलं. एका खऱ्या गुणाच्या आडोशाला दहा खोटे गुण. इनोचं फ्रूट सॉल्टही याच काळातलं. सोडा आणि फळातलं आम्ल एकत्र आलं की फसफसतं आणि जळजळ शमते, हे बरोबर. जुन्या जाहिरातीत मात्र ते ताप आणि 'रक्तातलं विष' यांवरही चालायचं. इनो टिकलं, आपल्या स्वयंपाकघरातही शिरलं. ते दावे गळून पडले. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांचं १८५१ चं ग्राइप वॉटरही तसंच. त्यात बडीशेपेच्या कुळातल्या शेपूचं तेल, सोडा, साखर आणि त्याबरोबर अल्कोहोल होतं. अल्कोहोल पुढे काढून टाकलं गेलं.

सरकार काय करत होतं? पैसे गोळा करत होतं. १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होतं. एक शिलिंगाच्या डबीवर दीड पेनी. १ शिलिंग दीड पेनी ही विचित्र किंमत त्यातून आली. डबीवर सरकारी तिकीट चिकटवलेलं असायचं आणि विक्रेते छापायचे की हे तिकीट असेल तरच माल अस्सल. गिऱ्हाइकाला वाटायचं सरकारने औषध तपासलंय. मार्च १९०८ ला संपलेल्या वर्षात चार कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली आणि तिजोरीत तीन लाख पौंडांहून जास्त रक्कम आली. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूवर 'विष' अशी चिठ्ठी लावणं सक्तीचं केलं, पण पेटंट औषधांना त्यातून वगळलं. क्लोरोडाइनच्या बाटलीवर विषाची चिठ्ठी लागायला १८९२ मधला खटला व्हावा लागला. अन्न-औषध भेसळीच्या १८७५ च्या कायद्यातही मालकी हक्काच्या औषधांना सूट होती. माझ्यासारख्या विश्लेषकाने त्या काळी बाटलीत मॉर्फिन शोधून काढलं असतं तरी कारवाईला कायद्यात जागा नव्हती.

वर्तमानपत्रंही गप्प होती, कारण त्यांचं पोट या जाहिरातींवर भरत होतं. मेडिकल असोसिएशनने १९०९ चं आपलं पुस्तक जाहिरातीसाठी पाठवलं तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी ती छापायला नकार दिला. अमेरिकेत तर औषध कंपन्यांच्या जाहिरात करारांत सरळ अटच असायची: तुमच्या राज्यात आमच्या विरोधात कायदा झाला तर करार रद्द. मग संपादक कायद्याच्या बाजूने लिहील कसा? हे बिंग 'कॉलियर्स' साप्ताहिकाने १९०५ मध्ये फोडलं आणि पुढच्याच वर्षी तिथे शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. अफू, मॉर्फिन, अल्कोहोल असेल तर लेबलवर लिहिणं बंधनकारक झालं. नुसतं लिहायला लागल्याने आयांनी कित्येक सिरपं घेणं बंद केलं. दाव्याशी वाद घालण्यापेक्षा घटक उघडे करण्याने जास्त काम होतं, हे माझं ठाम मत या इतिहासातूनच बनलं आहे.

ब्रिटनमध्ये १९१२ ला संसदीय समिती नेमली गेली. थॉमस बीचमचे चिरंजीव सर जोसेफ बीचम यांच्यासारख्या मालकांच्या साक्षी झाल्या, सगळा व्यापार उघडा पडला आणि अहवाल प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ ला. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. अहवाल बाजूला पडला तो पडलाच. घटक जाहीर करण्याची सक्ती आणि मुद्रांक शुल्काचा शेवट या दोन्ही गोष्टींसाठी १९४१ साल उजाडावं लागलं.

तिकडे कायदा रेंगाळला त्या काळात हा माल इकडे येतच होता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये नेमलेल्या औषध चौकशी समितीने परदेशी पेटंट औषधांचा सुळसुळाट आणि कमअस्सल औषधं या दोन्हींवर बोट ठेवलं. त्यातून १९४० चा औषध कायदा आला. जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अर्धांगवायू, वंध्यत्व यांसह अनेक आजारांची यादी आहे आणि त्यांच्यावर औषध म्हणून जाहिरात करणं गुन्हा आहे, मग ते औषध कोणत्याही पॅथीचं असो. आपल्याकडच्या कायद्यात 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषध' हा वर्ग आयुर्वेदिक औषधांसाठी अजूनही आहे. असं औषध हातात आलं तर आधी घटकांची यादी आणि उत्पादन परवाना क्रमांक पाहावा. अनुसूचीतल्या आजारावर 'हमखास गुण' अशी जाहिरात दिसली, तर तिचं कात्रण किंवा फोटो, तारीख आणि कुठे दिसली ते लिहून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते. त्यासाठी आपण ते औषध विकत घेतलेलं असावं लागत नाही.